पहिला फटका

काळुराम मढवीचं कोपर त्या माणसाच्या नाकावर बसलं आणि रक्ताची धार थेट त्याच्या बनियनवर उतरली. माणूस गाडीच्या दारापर्यंत पोचला होता. त्याच्या हातात रिकामी कळशी होती. ती तो मंत्री देवेशशेठच्या डोक्यात घालणार होता की नुसती दाखवणार होता, हे विचारत बसायला काळुरामला सवड नव्हती. त्याने देवेशशेठला मानेला धरून मागच्या सीटवर कोंबलं, दार आपटलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. मग दिवा गावच्या बायका आल्या. हंडे बॉनेटवर, काचेवर, काळुरामच्या खांद्यावर, जिथे सापडेल तिथे आदळायला लागले. एकीने त्याच्या सफारीचा खिसा फाडला, दुसरीने मनगटाला दात लावले. ड्रायव्हरने गाडी रेटून मागे घेतली. चाक कोणाच्या तरी पायावरून गेलं असावं, कारण त्या सगळ्या आरडाओरड्यात एक किंकाळी वेगळी ऐकू आली. काळुरामने चालत्या गाडीत उडी घेतली तेव्हा मागची काच जागेवर नव्हती.

गाडीने शीळफाटा ओलांडला. मग देवेशशेठने केसांतले काचेचे कण झटकत विचारलं की कमरेला पिस्तूल शोभेला लावलंय का, हवेत एक बार काढायला काय झालं होतं. काळुराम गप्प बसला. मंत्र्याचा अंगरक्षक म्हणून त्याला पाच वर्षं झाली होती आणि गप्प बसणं हा त्या नोकरीचा अर्धा भाग होता.

उरलेला अर्धा भाग म्हणजे त्याचं अंग. गर्दीत खांदा घालायचा, कोपर चालवायचं, कोणाचा हात पिरगळायचा. पण त्याचा एक हिशेब होता आणि तो त्याने मुख्यालयातल्या नव्या पोरांना कितीदा तरी ऐकवला होता. धक्का म्हणजे बंदोबस्त. मध्ये कोणी आलं आणि लागलं, तर ती नोकरी. पण कोणी ‘मार’ म्हणालं आणि आपण हात उचलला, असं त्याच्या आयुष्यात एकदाही झालेलं नव्हतं. फुटलेल्या नाकाला या तत्त्वज्ञानाचा काही उपयोग नव्हता. तरीही माणसाला पाय टेकायला एखादी फळी लागते आणि काळुरामची फळी ही होती. ती गेली तर आपण भाड्याचा गुंड, हवालदार नव्हे, असं तो मनापासून मानायचा.

आता देवेशशेठबद्दल. तो आणि काळुराम एकाच गावचे, मानपाड्याच्या पलीकडचे. दोघांच्याही आज्यांनी मिठागरात पाय कुजवले होते. पुढे देवेशच्या बापाच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि देवेशचा देवेशशेठ झाला, आमदार झाला, राज्यमंत्रीही झाला. सरकार दोन पक्षांचं होतं. त्याच्या पक्षाचे आमदार मूठभर, पण ती मूठ काढून घेतली तर सरकार बसलं असतं, म्हणून त्याला मंत्रिमंडळात घेणं भाग होतं. खात्याचा मोठा मंत्री मात्र दुसऱ्या पक्षाचा. राज्यमंत्र्याला कोणते विषय सोपवायचे हे मोठ्या मंत्र्याने ठरवायचं असतं, आणि वर्ष उलटलं तरी त्याने एकही विषय सोपवला नव्हता. बंगला होता, गाडी होती, मागेपुढे पोलिस होते. फाइल तेवढी येत नव्हती. राज्यमंत्री म्हणजे सरकारच्या लग्नातली करवली. नटायचं, मिरवायचं, कऱ्हा धरून मागे उभं राहायचं. मंगळसूत्र दुसरीच्याच गळ्यात.

हे गावात कोणाला माहीत नव्हतं आणि देवेशशेठ ते कोणाला सांगणार नव्हता. लोक अर्ज आणायचे, तो त्यावर झोकात शेरा मारायचा, ‘तातडीने कार्यवाही करावी’, आणि खाली लांबलचक सही. शेरे मंत्रालयात जाऊन निजायचे. दिव्याच्या नव्या जलवाहिनीच्या अर्जावरही त्याने असाच शेरा मारला होता आणि भर सभेत सांगून टाकलं होतं की सोमवारी नळाला पाणी येईल. आज मंगळवार होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच, पण दिव्याच्या बायकांना वाळा कथलाचा आहे हे आज कळलं आणि त्यांनी हंडे उचलले.

ही मिरवणूक दिवसभर प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरली. संध्याकाळी मोठ्या मंत्र्यांनी पत्रकारांना हसून सांगितलं की त्या भागाचं दुखणं त्यांना ठाऊक आहे आणि योग्य वेळी ते स्वतः लक्ष घालतील. देवेशशेठने ते टीव्हीवर पाहिलं आणि रिमोट भिंतीवर फेकून फोडला. त्याला भिडायचं होतं मोठ्या मंत्र्याला. पण तिथे हात पोचत नव्हता.

बुधवारी दुपारी ठाण्याच्या विश्रामगृहात महापालिकेच्या पाणी खात्यातल्या अभियंत्याला बोलावणं गेलं. त्याचं नाव अपूर्व. तिशीचा, डोंबिवलीत आईबरोबर राहणारा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारा मुलगा. शेठचा भाचा कमलेश, जो त्याची सगळी कामं बघायचा, त्याने दारातच सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. हा शेठच्या बैठकीचा रिवाज होता. दार लागलं तेव्हा आत चौघं होते. शेठ सोफ्यावर, कमलेश दाराशी, काळुराम खिडकीशी आणि अपूर्व मध्ये उभा. त्याला बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

अपूर्वने सगळं नीट समजावून सांगितलं. वाहिनीचा आराखडा तयार आहे, ठेकेदार ठरलाय, रस्ता खोदायची परवानगीसुद्धा आहे. पण शेवटची मंजुरी शासनाची लागते आणि तो विषय मोठ्या मंत्र्यांच्या अखत्यारीत आहे. साहेबांचा शेरा आयुक्तांनी वर पाठवला, वरून उत्तर आलं की राज्यमंत्र्यांना या विषयाचे अधिकार दिलेले नाहीत. हे सांगताना त्याचा आवाज मऊ होता. टोचून बोलणं त्याच्या स्वभावातच नसावं. आणि म्हणूनच पुढचं वाक्य त्याने मदतीच्या भावनेने म्हटलं.

“साहेब, तुम्ही फक्त मोठ्या साहेबांची एक सही आणून द्या. मी उद्या सकाळी खोदायला घेतो.”

आणून द्या. शिपायाला सांगावं तसं. कमलेशने मान खाली घातली. देवेशशेठ उठला, त्याच्या मानेची शीर तटतटून फुगली होती. मंत्री झाल्यापासून तो शहरी बोलायचा, पण संतापला की त्याच्या तोंडात गाव यायचं.

“काळ्या, बगतंस काय? दे त्याला दोन.”

काळुराम हलला नाही. शेठने पुन्हा म्हटलं, या वेळी हळू, आणि हळू म्हटलेलं जास्त वाईट होतं. तेव्हा काळुरामच्या तोंडून जे निघालं ते अपूर्व सोडून त्या खोलीतल्या तिघांनाच कळण्यासारखं होतं.

“पयला फटका पंचाचा, शेट.”

त्यांच्या गावात गावकी होती. आता ती जत्रेपुरती उरली आहे, पण काळुरामच्या लहानपणी तिचा शब्द चालायचा. कोणी दुसऱ्याच्या मिठागराचा बांध फोडला, हळदीत कोणाचं डोकं फोडलं, तर पंच निकाल द्यायचे आणि काठीचे फटके सांगायचे. फटके मारण्याचं काम काळुरामच्या बापाकडे, गोविंदाकडे. त्याच्याआधी त्याच्या बापाकडे. मात्र रीत अशी की ज्या पंचाने निकाल सांगितला त्याने स्वतः उठून पहिला फटका मारायचा. त्याने मारला तरच गोविंदाने पुढचे मारायचे. पंचाचा हात उठला नाही तर शिक्षा रद्द, नारळ फोडून मोकळं व्हायचं. ही रीत ज्याने कोणी घातली तो शहाणा माणूस असला पाहिजे. ओटीवर बसून फटके सांगणं सोपं असतं. काठी हातात आली आणि समोरची पाठ दिसली की भले भले पंच विरघळायचे. रामा पाटलाने एकदा स्वतःच्या मेहुण्याला शिक्षा सांगितली, काठी उचलली आणि तिथेच रडायला लागला. गोविंदाच्या हातून वर्षानुवर्षं फारसं कोणी मार खाल्लं नाही ते या रीतीमुळे.

काळुरामला वाटलं, शेठ त्याच गावचा आहे, एका पंचाचा नातू आहे. हे ऐकल्यावर तो थांबेल, शिवी हासडेल, खाली बसेल. असा पेच टाकला की दोघांचीही अब्रू राहते, हे त्याने लहानपणी पाहिलेलं होतं. त्याने तो टाकला आणि तिथेच चुकला.

देवेशशेठने उजव्या हाताचा पंजा पूर्ण मागे नेऊन अपूर्वच्या कानशिलात ठेवून दिला. बोटांत अंगठ्या होत्या. अपूर्व बाजूला हेलपाटला, पेनं खिशातून उडाली. काळुराम जागच्या जागी गारठला. त्याच्या अंगात जी रीत भिनली होती तिच्याप्रमाणे पहिला फटका झाला होता आणि आता सगळे त्याच्याकडे बघणार होते. पण शेठने त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याने दुसरा मारला, त्याच कानावर. मग केसांना धरून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. अपूर्व खाली पडला आणि शेठने बुटाची लाथ त्याच्या बरगडीत घातली, पुन्हा घातली, आणि प्रत्येक लाथेबरोबर तो मोठ्या मंत्र्याचं नाव घेऊन शिव्या देत होता. वड्याचं तेल वांग्यावर काढतात, पण इतकं उकळतं तेल काळुरामने पाहिलं नव्हतं. अपूर्वच्या कानातून रक्त येत होतं आणि तो ओरडतसुद्धा नव्हता, नुसता हात वर करून तोंड झाकत होता.

तेव्हा कुठे काळुरामने शेठचं मनगट धरलं. पाच वर्षं ज्याच्यासाठी इतरांचे हात पिरगळले त्याचाच हात त्याने पाठीमागे पिरगळला आणि त्याला भिंतीवर दाबून धरलं. शेठ त्याच्या कानाशी म्हणत होता की तुझी वर्दी उतरवतो, तुझ्या बापाला गावात राहू देत नाही. कमलेशने मागून खुर्ची घातली. पाठीत पहिली बसली ती काळुरामने सोसली, दुसरी डोक्यात बसली आणि त्याची पकड सुटली. पण एव्हाना शेठचा दम संपला होता. काळुरामने अपूर्वला उचलून खांद्यावर टाकलं आणि मागच्या जिन्याने खाली नेलं. दोघांचं रक्त सफारीवर एकच झालं होतं.

अपूर्वच्या कानाचा पडदा फाटला होता, आतही काहीतरी तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले की त्या कानाने आता ऐकू येणं कठीण. काळुरामच्या डोक्याला टाके पडले.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बातमी आली की विश्रामगृहात अंगरक्षकाने अभियंत्याला मारहाण केली. विरोधकांनी मंत्र्याचा राजीनामा मागितला. त्यावर सरकारातले जे जे बोलले ते एकच वाक्य बोलले, की हा सुरक्षा कर्मचाऱ्याचा वैयक्तिक प्रमाद आहे आणि सरकार एकसंध आहे. सगळ्यांत ठासून बोलले ते मोठे मंत्री. वर्षभर ज्याला त्यांनी दाराबाहेर उभं ठेवलं, त्याच्या खांद्यावर हात टाकून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. राग यावा की हसू यावं अशी ती गंमत होती. पाण्याच्या एका सहीसाठी एका वर्षात एकत्र आले नाहीत ते एका थपडेसाठी एका रात्रीत एकत्र आले.

काळुरामला पोलिस उपायुक्तांनी बोलावलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी त्याला बसवलं, डोक्याच्या पट्टीची चौकशी केली, पाणी दिलं. मग सांगितलं की जबाबात काय यायला हवं. अभियंता मंत्र्यांच्या अंगावर धावला असं काळुरामला वाटलं, त्याने रोखलं, झटापटीत जास्त लागलं. निलंबन होईल, चौकशी रेंगाळेल, वर्षभरात परत घेतलं जाईल, पेन्शनला धक्का लागणार नाही. त्याच्या मुलाला महापालिकेत चिकटवायचं कमलेशने कबूल केलं आहे.

काळुराम म्हणाला की त्याने मारलेलं नाही.

“मला माहीत आहे,” उपायुक्त म्हणाले. “पण त्यांनी मारलं असं तुम्ही लिहून दिलंत तर राजीनामा होतो. राजीनामा झाला की त्यांचे आमदार बाहेर. सरकार पडतं. एका हवालदाराच्या जबाबावर सरकार पाडायचं का, तुम्हीच सांगा.”

“साहेब, कोनी मार म्हनलं म्हनून मी आजवर हात उचलला नाय. तेवढंच माझ्याजवळ हाय. ते मी लिहून कसं देऊ?”

त्याने खरा जबाब दिला. त्यात स्वतःचं ते वाक्यही घातलं. उपायुक्तांनी हात थांबवून सांगितलं की हे नको, याने चिथावणी तुमची ठरते. पण काळुराम म्हणाला की बोललो ते बोललो. खरं सांगायचं तर अर्धं कशाला. त्याचं पिस्तूल जमा करून घेतलं आणि त्याला घरी पाठवलं.

गावात शिरताना कोणी ओळख दिली नाही. पारावर बसलेले नाथा आणि चांगदेव त्याच्याबरोबर शाळेत होते, त्यांनी एकदम मोबाइलमध्ये तोंडं घातली. त्याच्या घरावर दगड पडले होते, खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. बायको मंजुळा शेजारच्यांकडून सगळं ऐकून बसली होती. ती रडली नाही, तिने हिशोबाचं बोलायला सुरुवात केली. साहेब सांगतात तसं लिहून द्यायला काय हरकत होती. वर्षभर घरी बसले असते, पोराचं भलं झालं असतं. शेटशी वाकडं घेऊन या गावात कोण जगलंय.

गोविंदा ओटीवर बसून ऐकत होता. मिठाने पांढरे पडलेले त्याचे पाय आता चालायला नको म्हणायचे, पण कान शाबूत होते. त्याने लेकाला जवळ बोलावलं आणि विचारलं की शेठला नेमकं काय बोललास. काळुरामने सांगितलं. त्याला वाटलं होतं, बाप तरी पाठीवर हात ठेवेल, कारण रीत त्याची होती. म्हाताऱ्याने आधाराची काठी उचलली आणि जोर होता तेवढा लावून त्याच्या पोटरीवर हाणली. काळुरामला ती काठी फार लागली नाही, पण तो खाली बसला.

“ती रीत लाजंची हाय, काळू. ज्याच्या हाताला लाज नाय त्याच्या हातान काठी देतात का कदी? त्या पोराचा कान तू दिलास. त्यान् मारला, पन दिलास तू.”

पुढचे दोन दिवस काळुराम घराबाहेर पडला नाही. बापाचं बोलणं त्याला जेवू देत नव्हतं. त्याने काही वाईट केलं नव्हतं हे त्याला माहीत होतं, आणि तो मुलगा त्याच्याच वाक्यानंतर मार खात पडला होता हेही माहीत होतं, आणि ही दोन्ही खरी होती. शेवटी शनिवारी तो उठला, दाढी केली, साधा शर्ट घातला आणि बसने ठाण्याला गेला. त्याला अपूर्वला एवढंच सांगायचं होतं की मी खरा जबाब दिलाय, तुम्ही घाबरू नका, आपण दोघं एकच बोललो तर कोणाला दडपता येणार नाही.

हॉस्पिटलच्या खोलीत अपूर्व एकटाच होता. डोक्याला आणि कानाला मोठी पट्टी, डोळा काळानिळा. काळुराम पलंगाजवळ उभा राहून हळू आवाजात बोलायला लागला. सगळं बोलून झालं तरी मुलगा नुसता बघतच राहिला.

“या बाजूला या, हवालदार,” तो म्हणाला. “त्या कानाने काही कळत नाही.”

काळुराम पलंगाला वळसा घालून गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. मध्येच अपूर्वने त्याला थांबवलं. त्याचा जबाब कालच झाला होता. महापालिकेचे आयुक्त स्वतः आले होते, फुलं घेऊन. त्यांनी काही धमकी दिली नाही. ते म्हणाले की मंत्र्याचं नाव घेतलंत तर सरकार जाईल, नवं कधी येईल, तोवर दिव्याची फाइल कोण बघणार. तुम्ही सुरक्षारक्षकाचं नाव घ्या, मोठे मंत्री आजच मंजुरी देतात. आणि खरंच, संध्याकाळी मंजुरीचा कागद आला. सोमवारी खोदकाम सुरू व्हायचं होतं.

“मी तुमचं नाव दिलं,” अपूर्व म्हणाला. “वाटलं, एक लाख माणसांना पाणी मिळतंय.” मग म्हणाला, “ते एकच कारण नव्हतं. मला भीती वाटली.”

काळुराम खुर्चीवर बसला. त्याला या मुलाचा राग यायला हवा होता. तो आलाही, हाताच्या मुठी वळल्या. ज्याला खांद्यावर टाकून आणलं त्याने बुडवलं. आता त्याचा खरा जबाब कोण विचारणार होतं. मार खाणाराच म्हणतो की याने मारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी हे त्याने ऐकलं होतं, पण चोरी झालेल्यानेच संन्याशाकडे बोट दाखवायचं हे नवीन होतं. त्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा दाराकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मारापेक्षा निराळं काहीतरी होतं.

“आईला यातलं काही माहीत नाही,” तो घाईने म्हणाला. “ती सारखी विचारते, खरं सांगितलंस ना. मी हो म्हणालोय. तिने मला एकटीने वाढवलं. खोटं तिला सहन होत नाही.”

दार उघडून चित्राबाई आत आल्या. हातात औषधांची पिशवी, चष्मा घामाने घसरलेला, तीन दिवसांच्या जागरणाने चेहरा उतरलेला. त्यांनी अनोळखी माणसाकडे पाहून आधी अदबीने हसल्यासारखं केलं. मग त्याच्या डोक्यावरची पट्टी दिसली. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा छताकडे बघायला लागला.

“आपण कोण?”

“काळुराम मढवी. शेटचा बॉडीगार्ड.”

पिशवी त्यांच्या हातातच होती. त्या दोन पावलं पुढे आल्या. आवाज शांत होता, शाळेत विचारावा तसा त्यांनी प्रश्न विचारला.

“माझ्या मुलाला तुम्ही मारलंत?”

काळुरामला नाही म्हणता आलं असतं. उपायुक्तांसमोर म्हणाला होता, बायकोसमोर म्हणाला होता, नोकरी आणि स्वतःच्या मुलाची सोय पणाला लावून म्हणाला होता. इथे नाही म्हणायला काहीच लागत नव्हतं, आणि ते खरंही होतं. त्याने पुन्हा एकदा अपूर्वकडे पाहिलं. हा मुलगा एका कानाने जन्म काढणार होता, आणि या बाईच्या घरात काढणार होता.

“हो बाई,” काळुराम म्हणाला. “मीच मारलं.”

चित्राबाईंनी आयुष्यात कोणावर हात उचलला नसावा. त्यांना तो नीट उचलताही आला नाही. पिशवीसकट हात फिरवला, पिशवी सुटून खाली पडली आणि थप्पड त्याच्या जबड्यावर आणि मानेवर अर्धी अर्धी लागली. मग त्यांनी दुसरी मारली, ती नीट बसली. मग दोन्ही मुठींनी त्या त्याच्या छातीवर मारत राहिल्या आणि म्हणत राहिल्या की काय केलं होतं त्याने तुमचं, काय केलं होतं. काळुराम हात बाजूला सोडून उभा राहिला. डोक्याचे टाके ओढले गेले, पट्टीखाली काहीतरी ओलसर झालं. शेवटी त्यांच्यातली ताकद संपली आणि त्या खुर्चीत बसून तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या.

काळुराम खाली वाकला. फरशीवर गोळ्यांची पाकिटं विखुरली होती, एक पलंगाखाली गेलं होतं. ते त्याने गुडघ्यावर बसून हात घालून काढलं. सगळी पाकिटं पिशवीत भरली, कानात घालायच्या थेंबांची बाटली फुटली नाही ना ते बघितलं आणि पिशवी टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. मग त्याने चित्राबाईंना नमस्कार केला. त्यांनी तो पाहिला नाही.

दाराशी पोचल्यावर त्याने एकदा वळून पाहिलं. अपूर्वने कूस बदलली होती आणि चांगला कान उशीत दाबून धरला होता.